पोरांची युती झाली तेव्हा

जन्नतबी मनियार आजही मुरुडच्या बाजारात बांगड्या भरायला बसते. पण तिची खरी जागा गुरुबसप्पा शेटजींच्या किराणा दुकानाचा, कडुलिंबाखालचा ओटा. लग्न होऊन गावात आली तेव्हापासून दुपारची टोपली ती तिथंच उतरवायची. शेटजींची बायको बसम्मा गल्लीतल्या बायकांना हाका मारून गोळा करायची आणि स्वतःचा हात मात्र सगळ्यांच्या शेवटी पुढं करायची. बायका पांगल्या की मग दोघींना निवांत बोलता यायचं. जन्नतबी तिला अक्का म्हणायची. जन्नतबीचा नवरा निजामोद्दीन गेला, तेव्हा त्याचा चाळिसावा होईपर्यंत तिच्या घरी ज्वारीच्या भाकरी बसम्माच्या चुलीवरून गेल्या.

दोघींची पोरं, सद्दाम आणि रविकिरण, एका बाकावर शिकली आणि एकदमच राजकारणात शिरली. एक या पक्षात, दुसरा त्या. २०१९ च्या लोकसभेला दोन्ही पक्ष समोरासमोर होते. प्रचाराच्या शेवटच्या दुपारी झेंडा लावण्यावरून दुकानासमोर वाद पेटला. सद्दामनं ढकललं, रविकिरणचं कपाळ शटरवर आदळलं. रक्त पाहून गुरुबसप्पा धावत बाहेर आले. जन्नतबी ओट्यावरच होती.

"उचल तुझी टोपली," शेटजी म्हणाले. "पुन्हा ह्या ओट्यावर पाय ठेवू नको."

शेटजींच्या मागं चौकटीला धरून बसम्मा उभी होती. जन्नतबीनं तिच्याकडं पाहिलं. बसम्मानं नजर खाली वळवली. टोपली उचलून जन्नतबी निघाली ती त्या गल्लीत पुन्हा गेली नाही. शेटजींचं बोलणं तिला तितकंसं लागलं नव्हतं. बाप आहे, पोराचं रक्त पाहून बोलला. पण अक्कानं एक शब्द बोलू नये?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत शेटजी गेले. जन्नतबी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि तिथूनच परतली. जाऊन काय म्हणायचं, हेच तिला सुचेना. पुढं लेक सुकन्या येऊन आईला नांदेडला घेऊन गेल्याचं तिला बाजारात कळलं. त्यानंतर नांदेडची गाडी दिसली की तिचा हात बांगड्यांवर तसाच थांबायचा आणि समोरची बाई म्हणायची, "अगं भर की, कुठं बघायलीस?"

२०२४ ची निवडणूक आली आणि जन्नतबीनं रस्त्यावर एक नवल पाहिलं. एकाच जीपमध्ये सद्दाम आणि रविकिरण उभे! वर मुंबईत काय फिरलं कुणास ठाऊक, दोघांचे पक्ष आता एका युतीत होते. निकाल लागला. दिल्लीत एकट्या कुणालाच बहुमत नव्हतं, मित्रपक्षांना धरून सरकार बसणार होतं, आणि ह्यांची युती त्यात होती. शपथविधीच्या संध्याकाळी सद्दामनं रविकिरणला घरीच जेवायला आणलं. दोघं टीव्हीपुढं बसून कोणाच्या वाट्याला कोणतं खातं येईल यावर बोलत होते.

जन्नतबीनं ताटात खिचडी वाढली. रविकिरणच्या कपाळावर भुवईशेजारी अजून खूण होती.

"खालाजान, अजून थोडी वाढा," तो म्हणाला. पाच वर्षांनी त्याच्या तोंडून हा शब्द आला होता.

तिनं पळीभर वाढली. "तुमचं तर जुळलं बाबा. आमचं कवा जुळायचं?"

रविकिरणनं मान खाली घातली. "आमची अव्वा लई नाव काढती तुमचं. मीच... कसं सांगावं म्हणून गप होतो."

दुसऱ्याच दिवशी रविकिरणकडून पत्ता घेऊन जन्नतबी लातूरला आली आणि नांदेडच्या एसटीत बसली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. ओट्यावरची एकेक दुपार आठवत ती खिडकीबाहेर पाहत होती. अक्कानं ओळख दाखवली नाही तर उलट्या पावली फिरायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

तरोडा नाक्याजवळच्या तिसऱ्या मजल्यावर सुकन्यानं दार उघडलं. आत बसम्मा लसूण सोलत बसली होती. खूप वाळली होती.

"लई उशीर केलास," ती म्हणाली.

"तुम्ही तरी कुठं बोलावलं, अक्का?"

"कोणत्या तोंडानं बोलावू? त्या दिवशी जीभच उचलली न्हाई माझी. ह्यांच्या भ्यानं न्हाई गं. पोराचं रक्त बघितलं, अन् क्षणभर तुझा राग आला मला. एक क्षणच. तेवढ्यात तू गेलीस."

जन्नतबी जमिनीवर तिच्यासमोर बसली. बराच वेळ दोघी लसूणच सोलत राहिल्या. मग जन्नतबीनं टोपलीतून सुकन्यासाठी आणलेल्या हिरव्या बांगड्या काढल्या आणि तिला भरल्या. बसम्मा पाहत होती.

"जन्नत, गावच्या बायांना तू भरतीस. तुला कोण भरतं?"

"मला कोण भरणार? माझी मीच चढवते."

"आण हात."

बसम्मानं तिचा पंजा दाबून धरला. सवय नव्हती. पहिली बांगडी टिचली. दुसरीही टिचली. जन्नतबीच्या हातावर बारीक ओरखडा उठला. तिसरी मनगटावर गेली तेव्हा दोघी एकमेकींना धरून रडल्या, आणि सुकन्या आत चहा ठेवायला गेली.

निघताना जन्नतबी म्हणाली, "चला अक्का, मुरुडला. पोरं एक झाली, आता काय अडचण हाय?"

"कुठं येऊ? दुकानाचं हापिस केलंय त्यांनी युतीचं. ओटा पाडून पायऱ्या केल्या. माझ्या खोलीत खुर्च्या रचल्यात." बसम्मानं लसणाची टरफलं गोळा केली. "लिंबाला यंदा मोहर होता का गं?"

"होता. बाजारातून दिसतो की शेंडा."

"वास यायचा त्याचा, तू बसलीस की."

पुढं स्थानिक निवडणुका आल्या. दिल्लीची युती दिल्लीत राहिली. मुरुडात जागावाटपावरून सद्दाम आणि रविकिरण पुन्हा फुटले आणि ऑफिसावर दोन कुलपं पडली. सद्दाम आईला म्हणाला, "आता तिकडं जाणं बरं दिसत न्हाई."

"तुमचं तुम्ही बघा," जन्नतबी म्हणाली आणि डबा बांधायला लागली. बसम्माला शेंगदाण्याची चटणी आवडते.

आता दर महिन्याला ती नांदेडला जाते. दोघी बाल्कनीत बसतात. खाली वाहनांचा गोंगाट असतो, ओळखीचं माणूस एकही जात नाही. बसम्मा मुरुडातल्या एकेका घराची चौकशी करते, जन्नतबी सांगत राहते, आणि शेवटच्या गाडीची वेळ झाली तरी बसम्माची घरं संपलेली नसतात.