सत्तेचाळीस नंबरची जोडी

चूक माझी होती. एवढं आधी लिहून टाकतो, कारण खुलासे करत बसलो तर हे वाक्य पुन्हा मागे पडेल आणि तसं ते बरीच वर्षं पडलेलं आहे. अमरावतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक असताना मी एका फोनची जोडणी बदलली आणि तिची नोंद केली नाही. पुढे केली, ती न करण्याहून वाईट. भोगलं ते आमच्या एका लाइनमनने.

साठ सालच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस. गावातल्या फोनला तेव्हा हँडल असायचं. ते फिरवलं की आमच्या बोर्डावर त्या नंबरची चकती खाली पडायची, ऑपरेटर नंबर विचारायचा आणि जोडून द्यायचा. लोकांना एक्स्चेंज म्हणजे एवढंच ठाऊक. बोर्डामागच्या खोलीत भिंतीइतकी लोखंडी चौकट होती. तिच्या एका बाजूला गावातून आलेल्या तारांच्या जोड्या, दुसऱ्या बाजूला बोर्डाचे नंबर आणि मधे आम्ही ओढलेल्या तारांचं जाळं. कुठल्या घराची जोडी कुठल्या नंबरला लागते हे त्या जाळ्यावर ठरायचं. गावातला प्रत्येक फोन तिथून जात होता आणि त्या खोलीत आम्हा दोघा-तिघांखेरीज कोणी येत नव्हतं.

काम संपायचं नाही. सकाळी तक्रारींची यादी हातात यायची. एक बिघाड शोधत जावं तर कोणीतरी कधीतरी केलेली तात्पुरती जोडणी सापडायची. ती सोडवली की भलत्याच माणसाचा फोन बंद. मग तो चालू करा, तोवर तिसरा. संध्याकाळी सगळे फोन चालू असले तरी आपण काही केलं असं वाटायचं नाही. काल होतं तसंच आजही आहे, इतकंच. माझ्या आधीच्या मेकॅनिकांना मी मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या आहेत.

म्हणूनच आमच्याकडे पद्धत होती: आधी कार्ड, मग तार. प्रत्येक जोडीचं एक कार्ड असायचं. जोडी कोणाला दिली ते कार्डावर लिहायचं आणि नंतरच तारेला हात लावायचा. कारण हँडलच्या फोनची जोडी कोणी बोलत नसेल तेव्हा अगदी मुकी असते. कानाला लावून ऐकलं तर वापरातली जोडी आणि रिकामी जोडी यांत फरक कळत नाही. बंद झालेल्या फोनच्या तारा चौकटीवर तशाच राहून जायच्या, त्यामुळे डोळ्यांनीही कळत नसे. सांगणारं फक्त कार्ड.

मे महिन्यातल्या एका दुपारी एका डॉक्टरांच्या फोनवर इतकी खरखर येऊ लागली की बोलणं ऐकू येईना. त्यांची जोडी खराब झाली होती. सत्तेचाळीस नंबरची जोडी रिकामी असल्याचं मी आठवड्यापूर्वीच कार्डावर पाहिलं होतं. कार्डांच्या कपाटाची किल्ली सुपरवायझरकडे आणि ते जेवायला घरी गेलेले. डॉक्टरांचा माणूस तासाभरात तीनदा येऊन तक्रार करून गेला होता. मी जोडी बदलली, खांबावर चढून तिकडची तारही बदलली, घामाने निथळत परत आलो. फोन स्वच्छ चालू झाला. संध्याकाळी कार्ड भरू म्हणालो. संध्याकाळी दुसराच बिघाड निघाला आणि मी विसरलो.

महिना-दीड महिन्याने एका कापसाच्या जिनिंगवाल्याला नवा फोन द्यायचा होता. ते काम आमच्या त्या लाइनमनकडे गेलं. तो बडनेऱ्याचा. वडील रेल्वेच्या यार्डात होते, छप्पन साली सगळं घर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलं होतं आणि घरात मॅट्रिक झालेला हा पहिलाच. मेकॅनिकच्या ट्रेनिंगसाठी त्याचं नाव यादीत लागलं होतं. खांबावरून उतरून टेबलाशी बसायचं म्हणून तो सायकलवर येता-जाता पुस्तकातल्या आकृत्या तोंडपाठ म्हणायचा. आम्ही त्याला हसायचो. तो म्हणायचा, "हसा भाऊ, उद्या मीच तुमाले बिघाड शोधून देईन."

त्याने सत्तेचाळीसचं कार्ड पाहिलं. कोरं. तरी त्या जोडीवरून गावाकडे घंटी दिली. दवाखाना दुपारी बंद असायचा, कोणी उचललं नाही. मग त्याने चौकटीवरची तार काढली, खांबावरचीही काढली आणि जोडी जिनिंगवाल्याला दिली. त्याने करायचं ते सगळं केलं होतं.

डॉक्टरांचा फोन शनिवारपासून बंद. बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमधून एका बाईसाठी त्यांना फोन येत होता तो लागला नाही, शेवटी माणूस सायकल हाणत आला. बाई बरी झाली, पण डॉक्टरांनी तक्रार थेट वर केली. सोमवारी सकाळी चौकट पाहिली तेव्हा सत्तेचाळीसवरची माझी तार निघालेली दिसली. कपाट उघडं होतं. मी सत्तेचाळीसचं कार्ड काढलं आणि डॉक्टरांचा नंबर लिहून पुढे मे महिन्यातली ती तारीख घातली. तारीख खरी होती, काम त्याच दिवशी झालं होतं. या गोष्टीवर मी पुढे किती वर्षं टेकून बसलो, ते सांगायची लाज वाटते.

चौकशीला खात्याचे इन्स्पेक्टर आले. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवून लाइनमनला विचारलं की हे पाहिलं नाही का. त्याने कार्ड हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, मी पाह्यलं तवा हे कोरं होतं."

इन्स्पेक्टर माझ्याकडे वळले. "काय हो?"

"मी तर लिहिलं होतं," मी म्हणालो.

त्याने कार्ड टेबलावर परत ठेवलं. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या सर्व्हिस बुकात शेरा गेला आणि ट्रेनिंगच्या यादीतून नाव निघालं. कोणी म्हणालं, मॅट्रिक म्हणे, कार्ड वाचता येत नाही. कोणी सवलतीत भरती झालेल्यांबद्दल जे बोलतात ते बोललं. मी तिथेच एक्स्चेंजच्या बॅटरीत पाणी भरत होतो. एक शब्द बोललो असतो तर ते थांबलं असतं. माझी नोकरी तेव्हा पक्की व्हायची होती, घरी दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. ही कारणं मी लिहितो आहे ती खरी होती म्हणून. ती पुरेशी होती असं माझं म्हणणं नाही.

वर्षभरात त्याने अकोल्याला बदली मागून घेतली. मी अमरावतीतच राहिलो, पक्का झालो, बढती मिळाली. कार्ड आता मी कधीच चुकवत नसे. हाताखालच्या माणसांना त्यासाठी इतका छळत असे की ते वैतागायचे. मला वाटायचं यातून काहीतरी फिटत असेल. थकवा मात्र वाढत गेला. रविवारीसुद्धा अंग ठणकायचं.

साठचं दशक संपता संपता माझी अकोल्याला बदली झाली आणि तो माझ्याच हाताखाली आला. केस पांढरे व्हायला लागले होते, खांबावर चढताना धाप लागायची, अजून लाइनमनच. शेरा पुसून पुन्हा यादीत यायला त्याला इतका काळ गेला होता की वयाची अट निघून गेली होती. मला पाहून म्हणाला, "आले का भाऊ," आणि सायकल काढून कामाला गेला. तीन महिने मी त्याच्याशी कामापुरतं बोललो. मग एका रविवारी सकाळी त्याच्या घरी गेलो.

तो अंगणात खाटेवर बसला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: किल्ली, डॉक्टर, सोमवारची सकाळ, कार्ड. त्याने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "हे मले काहून सांगून राहिले भाऊ? मले तं त्याच दिवशी मालूम होतं."

मी म्हणालो, माफी मागायला आलो आहे.

"मी कार्ड दोन खेपा पाह्यलं होतं. घरी येऊन हिले सांगतलं, कोरं होतं म्हणून. हिनं मानलं. बाकीच्याइनं नाही मानलं. ज्याइले मालूम नाही त्याइले सांगा."

आतून त्याची बायको म्हणाली, "चहा तरी घेऊन जा म्हणा. इतक्या वर्षांचं एका दमात बोलले, थकले असतीन." तो हसला. मला हसता आलं नाही. चहा घेतला.

दर महिन्याच्या बैठकीला अमरावती आणि अकोला, दोन्हीकडची माणसं आमच्या ऑफिसात यायची. तेव्हा टोमणे मारणाऱ्यांतले निम्मे अजून नोकरीत होते. बैठकीच्या दिवशी सकाळी मी इंजिनिअर साहेबांना लेखी जबाब दिला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, आणि तुमची बढती धोक्यात येईल हे समजतं ना, असं विचारलं. मी हो म्हणालो. बिघाडांची यादी वाचून झाल्यावर मी उभा राहिलो. मागून कोणी विचारलं, "काय साहेब, परत अमरावतीले जाता का?" थोडं हसू झालं. आमचा लाइनमन खिडकीजवळ, हातातली टोपी मांडीवर ठेवून बसला होता.

मी म्हणालो, "अमरावतीला सत्तेचाळीस नंबरचं कार्ड यांनी पाहिलं तेव्हा कोरं होतं. यांनी ते सांगितलं होतं. मी ते नंतर भरलं आणि चौकशीत खोटं बोललो. यांची काहीच चूक नव्हती." मग त्याच्याकडे वळलो. इतकी वर्षं ज्याला मी अरे-तुरे करत आलो, त्याला म्हणालो, "तुमचं मेकॅनिक होणं माझ्यामुळे गेलं. ते मला परत देता येत नाही. मला माफ करा."