धाकटा कप आणि पंपखोलीमागचा मी

आधीच सांगतो, हे मी हौसेनं लिहीत नाय. आमच्या मंडळाची नवी सेक्रेटरी स्नेहल, बँकेत कामाला हाय, ती रोज संध्याकाळी ग्राउंडवर येऊन माझं डोकं खाते. "आबा, स्मरणिका काढायचीय. धाकट्या कपाचा इतिहास तुम्ही लिहायचा." मी म्हणालो, "बाई, मी चौथीत शाळा सोडली. शिकलेल्या माणसाकडून लिहून घे." तर म्हणते, "शिकलेल्यांनी लिहिला तर कोणी वाचणार नाही!" फटकळ हाय पोरगी. म्हणून तर सेक्रेटरी झाली.

आणि किस्से काय, ग्राउंडवरच्या हरळीसारखे असतात. कोणी लावत नाय, कोणी पाणी घालत नाय, तरी चार दिवस लक्ष नाय दिलं की गुडघ्याएवढे होतात. आता उपटायलाच बसलोय तर घ्या.

ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी सांगतो. देशातल्या मोठमोठ्या क्लबांचा कप वेगळा. त्यांच्या दारात ज्यांना कोणी उभं करत नाय, अशा दुसऱ्या फळीच्या संघांचा देशभराचा एक कप हाय. त्याचं खरं नाव लांबलचक हाय, आम्ही नाशिककर त्याला धाकटा कप म्हणतो. हरला की घरी, असा नियम. आमचा संघ दरसाल एक सामना खेळायचा. एकच! दुसरा खेळायची वेळच वर्षानुवर्षं आली नाय.

मी तिथला ग्राउंडमन. पाणी मारणं, जाळ्या बांधणं आणि फक्की मारून रेघा आखणं ही माझी कामं. आणि इतक्या वर्षांच्या हरण्याचं खापर कोणाच्या डोक्यावर? कोचच्या नाय, खेळाडूंच्या नाय. माझ्या!

* * *

पहिल्या साली सामना लांब पूर्वेकडं लागला होता. आमचे अध्यक्ष भाऊसाहेब, देवळ्याचे कांद्याचे व्यापारी. माणूस दिलदार, पण फुटबॉलमधलं एवढंच माहीत की बॉल गोल असतो. कप देशाचा म्हटल्यावर त्यांनी धर्मशाळेत आठ दिवसांच्या खोल्या सांगितल्या. सोबत आचारी, शेगड्या आणि दोन गोण्या कांदे.

पहिल्याच दुपारी सहा गोल खाऊन आम्ही मोकळे!

मी म्हणालो, "भाऊसाहेब, चला आता घरी." ते म्हणाले, "आबा, खोल्या सांगितल्यात. आचारी आलाय. जायचं कशाला?" आठ दिवस राहिलो. नदी बघितली, देवळं बघितली, मिठाई खाल्ली. गोलकीपरचं तर वजन वाढलं.

परत आलो तर नाशिकरोड स्टेशनवर ही गर्दी! ढोल, गुलाल, हार. आठ दिवस आले नाय, म्हणजे फायनलपर्यंत गेले, असं अख्ख्या पेठेनं धरलं होतं. आमच्या कॅप्टनला लोकांनी खांद्यावर घेतलं. तो वरून माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "आबा, खरं सांगून टाकू का?"

मी म्हणालो, "आधी खाली उतर, मग सांग!"

* * *

आता माझ्या डोक्यावरच्या खापराचं.

आमचे कोच म्हणजे दीक्षित मास्तर. शाळेत पीटी शिकवायचे. घरी पिढ्यान् पिढ्या रामकुंडावर यात्रेकरूंची पूजा सांगण्याचं काम, त्यामुळं मास्तरांच्या एका खिशात शिट्टी आणि दुसऱ्यात पंचांग. राहुकाळ संपल्याशिवाय वॉर्मअप नाय. एकदा तर रेफ्री टॉसला उभा आणि मास्तर म्हणाले, "साहेब, सात मिनिटं थांबा, वेळ चांगली नाही." रेफ्री म्हणाला, "वेळ चांगली नसेल तर दोन्ही संघांना नसेल. उडवू?"

दुसऱ्या साली सामना आमच्याच ग्राउंडवर. मी फक्कीचं घमेलं घेऊन आमच्या गोलामागं बसलो. धडाधड तीन गोल झाले. वैतागून चहाला गेलो. मी चहा पीत असताना आमच्या पोरानं एक गोल मारला! कप तसाच टाकून पळत आलो, बसलो, आणि चौथा खाल्ला.

मास्तरांकडं वही असते. त्यांनी वही उघडली, मागची पानं बघितली, आणि सगळ्या ग्राउंडसमोर मोठ्यानं म्हणाले, "आबा, राग मानू नका. तुम्ही पनवती आहात!"

नेमके त्या दिवशी नांदगावहून माझे होणारे व्याही आले होते. म्हटलं होतं, चला, आपलं ग्राउंड दाखवू. ते शेजारीच उभे. लग्न मोडलं नाय, ही देवाची कृपा. पण तेव्हापासून त्यांच्या घरी काही चांगलं काम निघालं की आधी मला फोन येतो. "आबा, सहज केला. आज तुम्ही नाशकातच आहात ना?"

"हाय की."

"मग तिथंच राहा!"

* * *

त्या दिवसापासून रिवाजच पडला. सामना आमच्याकडं असला की पहाटे मी रेघा आखायच्या, जाळ्या बांधायच्या, झेंडे रोवायचे, आणि शिट्टी झाली की पंपखोलीमागं जाऊन भिंतीकडं तोंड करून बसायचं. लग्नाचा मांडव घालायचा आणि अक्षतांना बाहेर उभं राहायचं, तसली गत. मास्तर हाफटाईमला स्वतः येऊन बघायचे.

"आबा, मागं वळून नाही ना बघितलं?"

"नाय."

"मान अवघडल्याचा बहाणा करून?"

"नाय हो!"

मला ऐकून ऐकून फुटबॉल पाठ झाला. कोण पळतंय ते बुटाच्या आवाजावरून कळायचं. मास्तर दर सामन्यात बाकावरून ऑफसाईडवर भांडायचे, आणि रेफ्री त्यांना दर सामन्यात समजावून सांगायचा. मास्तरांना ते कधी कळलं नाय. मला भिंतीमागं बसून कळलं.

एका साली मात्र मला राहवलं नाय. बाहेर असा गलका उठला, शिट्ट्या काय, टाळ्या काय! मला वाटलं, झाला गोल! आपण पुढं गेलो! टोपी उडवत, नाचत बाहेर आलो. बघतो तर ग्राउंडच्या मधोमध एक लाल कुत्रं बॉल नाकानं ढकलत चाललेलं. तीन डिफेंडर चुकवले त्यानं! लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. आमच्या फॉरवर्डला इतक्या टाळ्या जन्मात मिळाल्या नव्हत्या.

कुत्र्याला हाकललं, खेळ सुरू झाला, आणि मी परत जायच्या आत आमच्यावर पेनल्टी!

मास्तर माझ्याकडं बघून म्हणाले, "त्या कुत्र्याला ठेवलं असतं आणि तुम्हाला हाकललं असतं तर बरं झालं असतं."

* * *

आता खरं कारण सांगतो आम्ही का हरायचो, ते. आमचा गोलकीपर धर्मा.

धर्मा हरसूलकडचा. उंच, लांब हात, माकडासारखी उडी. कामाला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये. परदेशी जाणारा माल, तिथं घड हातात घ्यायचा तो देठाला धरून, आणि ठेवायचा तो असा, की मण्यावरची पांढरी भुकटीसुद्धा पुसली नाय पाहिजे. वर्षानुवर्षं हेच काम. मालक म्हणायचा, धर्मासारखा हात जिल्ह्यात नाय.

एका सामन्यात शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत बरोबरी! समोरच्यानं तोफेसारखा बॉल मारला. धर्मानं आडवी उडी घेऊन हवेतच धरला. काय धरला! सगळं ग्राउंड ओरडलं. आणि मग धर्मा उठला, दोन्ही हातांनी बॉल अलगद, अगदी अलगद जमिनीवर ठेवला, आणि पुढचा घड घ्यावा तसे हात रिकामे करून उभा राहिला.

समोरच्या पोराला आधी खरंच वाटेना. मग त्यानं बॉलला हळूच पाय लावला. गोल!

मास्तर बोंबलले, "अरे दाबून धरायचा! छातीशी दाबून!"

धर्मा कळवळून म्हणाला, "मास्तर, दाबायचं म्हटलं का हात ऐकतच नाय. आतून वाटतं, मणी फुटंल!"

ह्या गोलाच्या वेळी मी भिंतीकडं तोंड करून बसलो होतो, हे चार माणसांनी बघितलेलं हाय. तरी मास्तरांनी वहीत काय लिहिलं? "आबा खोकले."

* * *

मोबाईल आल्यावर तर माझ्यावर जास्तच पहारा बसला. एका साली सामना पंजाबात. मी नाशकात, घरी. मास्तर गाडीत बसायच्या आधी मला म्हणाले, "आबा, फोनवरसुद्धा बघायचं नाही. माझी शपथ."

मी माणूस शब्दाचा पक्का. सामन्याच्या वेळेला फोन पिठाच्या डब्यात घालून झाकण लावलं. बायको म्हणाली, "चळ लागला का तुम्हाला?" मी म्हणालो, "नाशिकसाठी करतोय."

डब्यातून फोन वाजायला लागला. थांबेचना. घरी काही बरंवाईट झालं की काय कोणाच्या, म्हणून काढला, पीठ झटकलं, तर भाऊसाहेबांचा व्हिडिओ कॉल! आनंदानं चेहरा फुललेला. "आबा, एकनं पुढं आहोत! हे बघा, बघा!" आणि त्यांनी फोन ग्राउंडकडं फिरवला.

"नका! नका!" मी ओरडलो, डोळे मिटले, पण उशीर झाला. माझ्या डोळ्यांदेखत समोरच्यांनी गोल मारला. अजून डोळे किलकिले उघडले, तर दुसरा!

तेवढ्यात फोनमध्ये मास्तरांचं तोंड आलं. माझा चेहरा पिठानं पांढरा. ते दचकून मागं सरले आणि म्हणाले, "दीड हजार किलोमीटरवरूनसुद्धा!"

* * *

आता शेवटचा. हा मागच्याच साली घडला, आणि याच्यासाठीच मी पेन धरलंय.

कपवाल्यांचं पत्र आलं. ज्या संघानं आजवर एकही सामना जिंकला नाय, त्याचं नाव पुढच्या सालापासून यादीतून काढणार. म्हणजे हा सामना हरलो, तर धाकटा कपसुद्धा गेला. मास्तरांनी आदल्या दिवशी येऊन पंपखोलीमागची जागा तपासली. भिंतीला एक भोक होतं, त्यात चिंधी कोंबली. मला म्हणाले, "आबा, एवढ्या वेळी सांभाळा." त्यांनी हात जोडले. मलाही वाईट वाटलं. मी खरंच ठरवलं, श्वाससुद्धा हळू घ्यायचा.

समोर झारखंडकडचा, खाणीतल्या पोरांचा संघ. रेफ्री आले, एक झेंडेवाला आला. दुसरा झेंडेवाला कसारा घाटात अडकला. मोठा ट्रक आडवा, चार तास हलायचा नाय. रेफ्री म्हणाले, "झेंड्याला माणूस द्या. ऑफसाईड कळणारा."

मग धर्मानं माझ्याकडं बोट दाखवलं. "आबाला कळतं."

मास्तर असे मधे आले, जसं मला कोणी सुळावर चढवतंय! "नाही नाही! हे नकोत! कुणीही चालेल, हे नकोत!"

समोरच्यांचा मॅनेजर पुढं आला. "क्यों? ये आपका आदमी है क्या?"

"आमचा कसला! हे आमच्यासाठी मनहूस आहेत! यांनी बघितलं की आम्ही हरतो!"

मॅनेजरनं एक सेकंद लावला नाय. "मंजूर है! इन्हीं को दीजिए!"

झालं. माझ्या हातात झेंडा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझं तोंड ग्राउंडकडं! काय सांगू, हिरवं गवत, माझ्याच हातच्या पांढऱ्या रेघा, त्यावर पळणारी पोरं. डोळ्यांत पाणी आलं. मास्तर बाकावरून खुणा करत होते, "मान फिरवा, मान फिरवा!" रेफ्रीनं येऊन त्यांना दम दिला, "मास्तर, लाईन्समननं बघायचं नाही, तर काय करायचं?"

हाफटाईमनंतर आमच्या फॉरवर्ड इम्राननं गोल मारला. सगळं ग्राउंड नाचायला लागलं. आणि माझा झेंडा वर! ऑफसाईड होता, हातभर. मी काय करू?

भाऊसाहेब खुर्चीवर उभे राहिले. "आबा! तुम्ही आपले की त्यांचे?"

मी म्हणालो, "भाऊसाहेब, रेघ मी मारली असली तरी माझी नातेवाईक नाय!"

मग जे शिव्यांचं सुरू झालं! माझी बायको प्रेक्षकांत होती, तिनंसुद्धा दोन हासडल्या.

शेवटची दोन मिनिटं. बरोबरी. त्यांच्या पोरानं बॉल मारला, धर्मानं धरला, आणि सगळं ग्राउंड एका आवाजात ओरडलं, "ठेवू नको!" धर्मानं दचकून, खाली ठेवायच्या ऐवजी बॉल लांब भिरकावला. थेट इम्रानकडं. इम्रान त्याच जागी. समोरच्यांचे सगळे हात वर, "ऑफसाईड! ऑफसाईड!" रेफ्री माझ्याकडं बघतोय. मास्तर ओरडतायत, "आबा, डोळे मिटा!" मी डोळे ताणून बघितलं. इम्रान बरोबर होता, चार बोटं मागं. माझा झेंडा खालीच राहिला.

गोल!

शिट्टी. सामना संपला. आम्ही जिंकलो! भाऊसाहेबांनी धर्माला मिठी मारली, धर्मानं रेफ्रीला. बायको येऊन म्हणाली, "मघाच्या दोन शिव्या परत घेते."

समोरचा मॅनेजर मात्र तणतणत मास्तरांकडं आला. "आपने तो कहा था, ये मनहूस है! ये धोखा है!"

मास्तर त्याला तसाच सोडून माझ्याकडं चालत आले. माझ्या हातातला झेंडा काढून घेतला, माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. मला वाटलं, आता म्हणणार. एवढ्या वर्षांनी आता म्हणणार. डोळे पुसले त्यांनी, वही काढली, काहीतरी लिहिलं आणि म्हणाले,

"आबा, झेंडा हातात असताना बघितलेलं धरत नाहीत. पुढच्या सामन्याला पंपखोलीमागं."

बाकी सगळ्यांनी माफी मागितली. एक जण राहिलाय. नाव छापायचं, स्नेहल, गाळायचं नाय: दीक्षित मास्तर!