अधिक बारा दिवस

भावाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला. ही बातमी कळली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार बाळाचा आला नाही, धाकट्या बहिणीचा आला. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो. इथं बाळ एक आणि आत्या दोन.

मी थोरली. बीडला एका कॉलेजात पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवते. बहीण पुण्यात एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिते. "तू पोहायला शिकवतेस आणि ती पोहते," असं आमचे हे म्हणतात. ज्या दिवशी म्हणतात त्या दिवशी त्यांना नुसतं पिठलं मिळतं. बहिणीला पहिला प्रोग्रॅम मीच शिकवला होता, आमच्याच कॉलेजच्या लॅबमध्ये, उन्हाळ्याच्या सुट्टीत. हे मी कुणाला सांगत नाही. म्हणजे दर वेळी सांगत नाही.

तलवाड्याला, माहेरी, आईला फोन करून मी आडून आडून विचारलं, नाव कोण घेणार?

"जी पाळण्यापाशी असंल ती," आई म्हणाली. "त्या लेकराला काय कळतंय थोरली का धाकली. बाराव्याला या दोघी." आणि फोन ठेवला. आई तारीख कधी सांगत नाही. तिच्या बोलण्यात पाचवी असते, बारावा असतो, फार तर अमावस्या असते.

भावजयीचं बाळंतपण तलवाड्यालाच झालं होतं. तिचं माहेर शिरूर कासारचं, पण आईवडील ऊसतोडीला गेलेले. माहेरच्या दाराला कुलूप, त्यामुळं सगळं करायचं आईवर आलं. बारशाला तरी त्यांनी यावं म्हणून आई त्यांच्याशी परस्पर फोनवर बोलली होती. हे मला पुढं कळलं.

दुसऱ्या दिवशी बहिणीनं घरच्या ग्रुपवर एक लिंक टाकली. उघडली तर पडद्यावर पाळणा. खाली बारशाला किती दिवस, किती तास, किती मिनिटं उरली ते आकडे, आणि दर सेकंदाला पाळणा हलतोय. ग्रुप नुसता उधाणला. मामी, जिनं माझ्या नोकरीच्या पेढ्यांवरही "गोड हायत" एवढंच म्हटलं होतं, तिनं लिहिलं, "लई भारी. पाळणा बघा कसा हलतोय. डोकं लागतं बाई." मी लॅबमध्ये बसून तो पाळणा बघत राहिले. माझ्या मनात आलं, हा पाळणा कुठं तरी अडकला पाहिजे.

मी बहिणीला कळवलं, "कोड पाठव गं. पोरांना दाखवते." पोरांचं निमित्त होतं. तिनं लगेच पाठवला, तोही हसऱ्या चेहऱ्यासकट. लपवला असता तर मला बरं वाटलं असतं.

तारखावेळांचा कोड म्हणजे चुकांचं वारूळ, हे मी दर वर्षी वर्गात सांगते. मी वारुळात हात घातला. बहिणीचा प्रोग्रॅम कुठल्या तरी परदेशातल्या मशीनवर चालत होता, आणि त्या मशीनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. आपल्याकडं बुधवारी पहाटे जन्मलेलं आमचं बाळ त्या घड्याळात मंगळवारचं ठरतं. इथं भलेभले घसरतात. मी मोठ्या आशेनं ती ओळ शोधली. तिनं साडेपाच तास नीट मिळवले होते, त्यावर छोटीशी टीपही लिहिली होती. चहा कडू लागला.

मग खालची ओळ. जन्माची वेळ अधिक बारा दिवस.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तारखेत नुसता आकडा मिळवता येत नाही, भाषा रुसते. 'इतका काळ' अशी एक वेगळी वस्तू तयार करून ती तारखेत मिळवावी लागते. ती वस्तू दिवस घेते, आठवडे घेते, तास घेते. महिना मात्र घेत नाही, कारण महिना नक्की केवढा हे तिला कुणी सांगू शकत नाही. म्हणजे आमच्या भावजयीची बाळंतिणीची सव्वा महिन्याची खोली पायथनमध्ये बसत नाही. पण बारा दिवस बसतात. बहिणीनं बुधवारात बारा दिवस मिळवले, उत्तर आलं सोमवार.

आणि माझ्या अंगावर आनंदाचा काटा आला. आपल्याकडं जन्माचा दिवस हाच पहिला दिवस. बुधवार एक, गुरुवार दोन. बारावा दिवस काढायचा तर अकराच मिळवायचे. बारसं रविवारी! पुण्याच्या विंजिनेर बाईनं (आईचा शब्द) घरच्या बारशाला तेरावा दिवस काढला होता.

खरं तर तिला एकटीला फोन करता आला असता. मी ग्रुपवर लिहिलं. पहिला दिवस धरायचा का सोडायचा, याच्यावर मी असा धडा लिहिला की तो वाचायला बोट तीनदा वर सरकवावं लागायचं. शेवटी, "कोडमध्ये १२ ऐवजी ११ कर. बारसं रविवारी. सगळ्यांनी नोंद घ्यावी."

"अरे हो की ताई! बदललं," बहिणीचं उत्तर आलं. मामीनं लिहिलं, "मास्तरीण ती मास्तरीणच." भावानं अंगठा दाखवला. आमचा भाऊ ट्रॅक्टरवरून उतरला की ग्रुपवरच्या सगळ्या मजकुराला वरून खालीपर्यंत अंगठे दाखवत जातो. त्यात मागं एका मयतीच्या बातमीलाही दाखवला होता. आई ग्रुपवर नाही. बहिणीनं तिला दिलेला मोठा मोबाईल नव्या लुगड्याच्या घडीत कपाटात ठेवलेला असतो, खराब होऊ नये म्हणून.

रविवारसाठी मी झबलं-टोपडं आणून ठेवलं. शनिवारी सकाळी वर्गात फळ्यावर दोन तारखांची वजाबाकी समजावत होते, तेवढ्यात आईचा फोन.

"कुठवर आलीस?"

"कुठं कुठवर? मी वर्गात हाय."

"वर्गात? आगं, बारावा न्हवं का आज? पाळणा बांधलाय, घुगऱ्या चुलीवर हायत."

"आई, बारावा उद्या हाय."

"कावून?"

"बुधवारी झाला ना तो? बुधवार एक, गुरुवार दोन..."

"बुधवारी कशाचा? कोंबडं तरी आरवलं हुतं का? मंगळवारच्या रातीला झालाय. दिवस उगवल्याबिगर वार बदलतोय व्हय? एवढं कालेज शिकवतीस!"

पोरं ऐकत होती. मी लॅबच्या बाहेर आले. फोनमध्ये मागून कुणी तरी खुदखुदून हसलं. ते हसू मी धाकटीच्या पाळण्यापासून ओळखते.

"ती कधी आली?"

"काल दिवे लागायलाच आली की. तुझं काय?"

"आई, उद्यावर ढकल ना."

"ढकलू कशी? इवाई अन् इहीण तिकडून आलेत. मुकादमानं एकच दिस सोडलंय त्यास्नी. सांजच्याला माघारी जायचंय. नातवाचं नाव ऐकल्याबिगर जातील व्हय ती? तू निघ."

गंमत बघा. बहीण साडेपाच तास मिळवायला विसरली असती, तर ते परदेशातलं मशीन आणि आमची आई यांचं मंगळवारावर एकमत झालं असतं. मग माझी दुरुस्ती लागू पडून शनिवारच आला असता. म्हणजे तिनं चूक करायला हवी होती तिथंच ती बरोबर निघाली. असल्या माणसाशी कसं जमवून घ्यायचं?

एसटीनं गेवराई गाठली. तिथून तलवाड्याची जीप.

"कधी निघणार हो?"

"निघालोच की बाई. दोन सीटा भरू द्या."

दोन सीटा भरायला लागणारा काळ कुठल्याच भाषेत बसत नाही; ऊन कलायला लागलं. जीपमध्ये बसून मी मोबाईलवर ती लिंक उघडली. पाळणा निवांत हलत होता. माझ्या दुरुस्तीप्रमाणे बारशाला अजून एक दिवस होता. तिकडं घरच्या पाळण्याशी बहीण उभी आहे, वाकून बाळाच्या कानात हळूच नाव सांगते आहे, असं चित्र डोळ्यांसमोर येत होतं. ती त्याचा गाजावाजाही करणार नाही, नुसतं साधेपणानं घेईल, आणि पुढं पन्नास वर्षं बायका म्हणतील, नाव धाकल्या आत्यानं ठेवलंय. झबल्याची पिशवी मी मांडीवर इतकी आवळून धरली होती की शेजारच्या बाईनं विचारलं, "त्यात काय सोनं हाय का?"

पोचले तेव्हा ओसरीवर दिवा लागला होता. उंबऱ्याशी व्याह्यांचं बोचकं बांधून तयार. विहीणबाई उभ्याच होत्या, बसल्या तर उशीर होईल असं त्यांना वाटत असावं. आणि पाळण्याशी आमच्या बाईसाहेब मोठ्यानं पाळणा म्हणत होत्या. बहिणीचा गळा हा तिच्यातला एकुलता एक दोष, म्हणून मी तो फार जपते. कितवा पाळणा होता देव जाणे, बायका जेरीला आल्या होत्या.

"हिला गप करा कुणी तरी," शेजारची म्हातारी म्हणत होती. "हिचं संपायच्या आत लेकरू मोठं हुईल अन् सोताचं नाव सोताच सांगंल."

मला बघून बहीण थांबली. आई फणकारली, "आली रविवारची! ही दुपारपास्नं पाळण्यापाशी हाय. म्हनलं घे नाव. तर घेईना. ताई येऊ द्या म्हणती. माणसं खोळंबलीत."

यावर डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. मला रागच आला. म्हणजे मानही आता हिनं दिल्यावर मिळणार.

"घेऊन टाकायचं की," मी तिच्या कानाशी म्हणाले.

"तूच सांगितलंस ना ग्रुपवर, सगळ्यांनी नोंद घ्यावी? म्हणून घेतली," ती म्हणाली. "तुझा रविवार उगवेपर्यंत गात बसणार होते."

"आणि तू कशी बरोबर कालच आलीस?"

"तारखेचा कोड मी लिहिलेला असला की मी दोन दिवस आधीच पोचते. कंपनीत लई वेळा तोंडावर आपटलेय."

मला वर्गात कधी आपटायची वेळ आली नाही. फळ्यावरचं बाळ काही जन्मत नाही. तिच्या त्या आपटण्याचाही मला हेवा वाटला. एवढं झालं की माणसानं स्वतःला वैद्याकडं न्यावं.

"बोलत काय बसलाव?" आई ओरडली. "गाडी हाय त्यांची."

बाळाला पाळण्याच्या वरून-खालून, या हातातून त्या हातात देऊन आत निजवलं. मी वाकले. दुधाचा, धुरीचा वास आला. कानाला ओठ लावून नाव सांगितलं आणि "कुर्रऽऽ" केलं. विहीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला, लगेच बोचकं उचललं.

आमच्याकडं रीत अशी की आत्यानं कुर्र केलं, की बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. हात पडले, हलके, हसत. मामीचा, म्हातारीचा, आईचा. आणि मग एक असा बसला की माझा पुढचा श्वास पाळण्यातच सांडला.

"अगं मेले!"

"रीत हाय ताई," बहीण म्हणाली. तिचा हात अजून वरच होता. नजर माझ्याकडं नव्हती. ती त्या बाळाच्या कानाकडं बघत होती, जिथून माझं तोंड नुकतंच बाजूला झालं होतं. दुपारपासून त्या कानाशी ती एकटी बसून होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या गणिताप्रमाणं चार घरचे पाहुणे आले. त्यांनी शिळ्या घुगऱ्या खाल्ल्या आणि मला बोल लावले. मी सगळं ऐकून घेतलं. परतताना जीपमध्ये पाठ टेकवता येत नव्हती. गेवराईपर्यंतच्या प्रत्येक खड्ड्याला कळ येत होती, आणि प्रत्येक कळीला मला हसू फुटत होतं.