दारातलं बोलणं

आमच्या मानसोपचार केंद्रात दरवर्षी ऑगस्टमध्ये तीन शिकाऊ मानसशास्त्रज्ञ येतात. कॉलेजातला अभ्यास संपलेला, प्रबंध होत आलेला. वर्षभर खरे पेशंट बघायचे, आणि आम्ही 'जमतंय' म्हटलं की नावाआधी डॉक्टर लागतं. कुणी कुठं जायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. मुलं त्यांची पसंती कळवतात, आम्ही आमची. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, मिनेसोटातल्या या गारठ्याला पहिली पसंती देणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही. येतात ती पडलेल्या चेहऱ्यानं, आणि मग ती आर्डिसच्या ताब्यात जातात.

आर्डिस हॉकन्सन ही आमची प्रशिक्षणप्रमुख. बाई गाईगुरांत वाढलेली, सकाळी धारा काढून शाळेत जायची. नवरा ड्वेन हिवाळाभर गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरत बसतो आणि त्यामुळेच आपला संसार टिकला असं ती सांगते. नवी मुलं आली की ती त्यांना आधी गाड्या लावायच्या जागेत नेते आणि थंडीत इंजिन गोठू नये म्हणून गाडीची वायर विजेला कशी जोडायची ते दाखवते. "गाडी सुरू झाली तर पेशंट बघाल ना," म्हणते. कौतुक करायचं तिच्या जिवावर येतं. 'चालेल' हा तिच्याकडचा सगळ्यात मोठा शब्द, तो ऐकायला मला इथे म्हातारं व्हावं लागलं.

एका वर्षी मरिसेला ओचोआ आली, टेक्सासच्या अगदी खालच्या टोकाहून. बोलकी, हसरी, ऑक्टोबरातच दोन स्वेटर घालून बसणारी. तिच्या घरात शाळेपुढं गेलेली ती पहिलीच. आईनं तर गल्लीभर 'माझी डॉक्टर' म्हणून सांगून ठेवलेलं. पण तिच्या पेशंटचं गाडं काही पुढं सरकत नव्हतं. एक तर अगदीच ठप्प. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला एक म्हातारा, बायको गेलेली, मुलीनं जबरदस्तीनं पाठवलेला. गाव लहान आहे, म्हणून खरं नाव नको, त्याला व्हर्लिन म्हणू या. दर आठवड्याला यायचा आणि कसं काय विचारलं की म्हणायचा, "वाईट नाही."

जानेवारीत आमच्या समितीत कर्टिस म्हणाला, "भिंतीशी बोलतेय ही पोरगी." समिती म्हणजे आर्डिस, मी आणि हा कर्टिस, ज्याला नियम पाठ आहेत. ठरलं असं की मार्चमध्ये पेशंटबरोबरच्या तिच्या एका तासाचं चित्रीकरण बघायचं आणि तिला ठेवायचं की नाही ते ठरवायचं. 'नाही' असं ठरलं तर तिचं वर्ष बुडणार, डॉक्टरकीही लटकणार. तिला हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही, आणि मला फार वाईट वाटलं.

नंतर एकदा मी आर्डिसच्या खोलीत कॉफी पीत होतो, तेव्हा मरिसेला व्हर्लिनचं चित्रीकरण घेऊन आली. आम्ही बघितलं. वेळ संपली, म्हातारा उठला, चित्र बंद.

"पुढं?" आर्डिसनं विचारलं.

"पुढं काय? गेले ते. म्हणजे, लगेच नाही जात," मरिसेला वैतागून म्हणाली. "टोपी हातात घेऊन दारात उभे राहतात. बर्फ, रस्ते, पुन्हा बर्फ! माझा पुढचा पेशंट ताटकळतो. शेवटी मीच दार उघडते, हसून."

आर्डिस हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"हसताय काय तुम्ही? माझा जीव जातोय इथं!"

"अगं बाई, तो सुरुवात करायला जातो आणि तू त्याला बाहेर काढतेस! आमच्यात निरोप म्हणजे निघणं नव्हे. आधी गुडघ्यांवर थाप मारून 'बरं, मग' म्हणायचं. मग उठायचं. मग दारात, मग गाडीच्या खिडकीशी. माझ्या आईनं तिच्या बहिणीला स्वतःच्या कॅन्सरचं सांगितलं ते गाडी सुरू असताना, काच खाली करून. आधी तीन तास आत बसल्या होत्या दोघी, पत्ते खेळत."

"आमच्याकडे लोक बसायच्या आधी रडायला लागतात," मरिसेला म्हणाली. "मग मी काय करू?"

"लवकर निरोप घ्यायला लाग."

मार्चमध्ये आम्ही तिघं पडद्यासमोर बसलो. मरिसेला बाहेर बाकावर. चित्रात व्हर्लिन म्हणाला, "वाईट नाही." जरा वेळानं मरिसेलानं गुडघ्यांवर थाप मारली, "बरं, मग!" आणि उठली. म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलला, जणू शाळा सुटली. दोघं दाराकडे, कॅमेऱ्यात दिसेनाशी झाली.

"हे काय?" कर्टिस म्हणाला. "दोन रिकाम्या खुर्च्या बघायच्या?"

"ऐक की जरा," आर्डिस म्हणाली.

दाराकडून आवाज येत होता. बर्फ झालं, रस्ते झाले. मग व्हर्लिन बायकोबद्दल म्हणाला, "लॉरेनला बहिणीकडून निघायला फार वेळ लागायचा. दारातच उभ्या दोघी. मी गाडीत. थंडी होती. मी हॉर्न वाजवला."

कर्टिस पडद्याकडे वाकला.

"कधी वाजवत नाही मी. त्या दिवशी दोनदा वाजवला. ती पळत आली बिचारी, बोलणं अर्धं टाकून. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. काय सांगत होती कुणास ठाऊक. बहिणीलाही नाही माहीत."

मला वाटलं, आता ही मुलगी काहीतरी पुस्तकी बोलणार, नाहीतर दार उघडणार. पण दाराचा आवाज आला नाही.

"मी अजून जरा थांबलो तर चालेल का, पोरी?"

"थांबा ना," मरिसेला म्हणाली.

तासाचा उरलेला सगळा वेळ ती दोघं तिथंच उभी होती आणि म्हातारा बोलत होता. आम्ही तिघं त्या खुर्च्यांकडे बघत बसलो. कर्टिसनं नाक शिंकरलं आणि तोच आधी म्हणाला, "पास करा तिला, आणि मला काही विचारू नका."

आर्डिस बाहेर गेली, तिच्यामागं मी. मरिसेला अंगात कोट घालूनच बसली होती, घरी पाठवणार अशा तयारीनं. आम्हाला बघून ती घाईघाईनं म्हणाली, "मला माहितीये, मी नुसतं 'थांबा' म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही मला."

"सुचलं असतं तर नापास केलं असतं," आर्डिस म्हणाली.

मरिसेलाला ते कळायला एक क्षण लागला. मग तिनं आर्डिसच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडायला सुरुवात केली, आणि आमची आर्डिस, जी ड्वेनलाही चारचौघांत हात लावत नाही, तिला दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली.