नानांचं पोट आणि परदेशी पाहुणे

डॉक्टर गोड बोलायला लागला की मला आधी शंका येते. आमच्या नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पोटदुखीवर औषध देणारे डॉक्टर एकदा म्हणाले, "ताई, नानांच्या एक्स-रेच्या प्लेटी मी विलायतेला पाठवल्या होत्या. तिकडच्या पोटाच्या तज्ज्ञांपैकी दोघे आता इंदूरला येताहेत. तुम्हीही या, जरूर या."

"पाठवताना आम्हाला विचारलं होतंत?"

"नानांना विचारलं होतं."

नाना काय, कुणालाही हो म्हणतील. उभा जन्म संस्थानच्या कचेरीत गेला. साहेबाच्या कानावर वाईट बातमी घालायची नाही, पाहुण्यापुढे तक्रार करायची नाही, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. संस्थान विलीन झालं, मध्य भारत राज्य आलं, पण नानांची पगडी काही उतरली नाही.

मला वाटलं, नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. सियागंजातला व्यापारी पोत्याच्या तोंडाशी चांगला गहू ठेवतो, तसे हे नानांना पाहुण्यांपुढे मांडणार आणि आपल्या औषधाची वाहवा मिळवणार. गुण आलाय असं ठरलं तर तेच औषध पुढे चालू राहणार होतं. आणि नाना तर रोज पहाटे पोटाशी उशी धरून बसत, खाल्लेलं ओकून टाकत. मला बोलावलंय ते गुण आल्याच्या कागदावर सही घ्यायलाच, असं ठरवून मी नानांबरोबर दवाखान्यात गेले. शाळेत रजा टाकली होती, त्याचाही राग होताच.

नाना पगडी, उपरणं घालून खुर्चीत ताठ बसले. दोन्ही गोऱ्या डॉक्टरांनी प्लेटी उजेडाला धरून पाहिल्या, आपसात इंग्रजीत बराच खल केला. मग आमच्या डॉक्टरांनी विचारलं, "नाना, दुखतं का हो अजून?"

"आपकी कृपा है," नाना हात जोडून म्हणाले. "अगदी आराम आहे. ओकारी नाही, काही नाही."

माझं टाळकंच सरकलं. "हे तुम्ही पढवून ठेवलंत ना?" मी डॉक्टरांना सरळ विचारलं.

ते चिडले नाहीत. "मलाही ते हेच सांगतात, ताई. पण वजन उतरतंय, प्लेटी वेगळंच बोलताहेत. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. घरात काय होतं ते तुम्ही सांगा, मी यांना इंग्रजीत सांगतो."

मग मी सगळं सांगितलं. उशी, ओकाऱ्या, न पिता गुपचूप ओतून दिलेलं दूध. नाना जमिनीकडे बघत राहिले. पाहुण्यांनी पोट पुन्हा दाबून पाहिलं. तिघांचं एकमत झालं: जठराचं तोंड आवळत चाललंय, ऑपरेशन लगेच करा.

परतताना टांगा कृष्णपुऱ्यापर्यंत आला, तेव्हा नाना माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "सात समुद्रापलीकडून आलेल्या माणसांना तोंडावर असं सांगतात? काय वाटलं असेल त्यांना!"

"वाटू दे," मी म्हटलं. मला रडू येत होतं, आणि त्यांचा रागही.

ऑपरेशन झालं. नाना शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी वाकून विचारलं, "नाना, कसं वाटतंय?"

नानांचे हात सवयीने जुळायला लागले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात खाली ठेवले आणि बारीक आवाजात म्हणाले, "दुखतंय हो, डॉक्टरसाहेब. खूप दुखतंय."