फोटोतल्या भुवया

"फोटोत हुत्या की भुवया!"

पडद्यापलीकडून हे ऐकू आलं तेव्हा मी पार्लरच्या खुर्चीत पाठ टेकून पडले होते. बोलणारी म्हणजे माझं जिथे जमत आलं होतं त्या मुलाची मोठी बहीण. साखरपुडा पंधरा दिवसांवर आला होता आणि ती गडहिंग्लजहून सकाळच्या एसटीने खास माझ्या भुवयांसाठी आली होती.

फोटोतल्या भुवया माझ्या नव्हत्याच. बायोडेटाचा फोटो काढला तेव्हा आईने स्टुडिओवाल्याला "जरा भरून द्या" एवढंच सांगितलं होतं. त्याने दाट, कमानदार जोडी बसवून दिली. तिच्याखाली माझा चेहरा भाड्याने राहिल्यासारखा दिसत होता. बघायला आले त्या दिवशी पेन्सिलीवर भागलं. मग एकदा ही बहीण न कळवता घरी आली आणि मी नुकतंच तोंड धुऊन बाहेर आले होते. आईने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "टायफॉईड झालता न्हवं का मागं, त्यात गळल्या. येतील की परत."

मला टायफॉईड कधीच झालेला नाही. बारावीपासून मी माझ्या भुवया स्वतः उपटते. वाचताना बोट तिथे जातं, एखादा केस हाताला लागतो, तो निघाला की क्षणभर बरं वाटतं. आईला हे पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे. एकदा तिने माझ्या बोटांना मिरची चोळली होती. संध्याकाळी चुकून डोळे चोळले आणि मी ओरडत नळाकडे धावले, तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "बरं झालं."

पडदा सरकवून पार्लरवाल्या मॅडम आत आल्या, मागोमाग आई आणि ती बहीण. मॅडमनी माझ्या एका बाजूला पेन्सिलीने बारीक रेघा काढल्या, दुसऱ्या बाजूला रंग भरला आणि आरसा धरला.

"डावीकडे मायक्रोब्लेडिंग. पात्याने कातडीत रंगाच्या केसासारख्या रेघा मारायच्या, असलेल्या केसांत त्या मिसळून जातात. उजवीकडे पावडर ब्रोज. मशीनने ठिपके देऊन भरायचं, केस नसले तरी चांगलं दिसतं. आता मला एवढंच सांगा, केस परत येणार आहेत का? त्यावर ठरेल."

"येणार की," आई म्हणाली. "डॉक्टरच म्हणालेत."

"मग रेघाच मारा," बहीण म्हणाली आणि मोबाईलमधला माझा फोटो मॅडमच्या नाकासमोर धरला. "पर दिसायला अश्शा पायजेत. आमच्या सगळ्या भावकीनं ह्यो फोटो बघितलाय."

तिच्या स्वतःच्या भुवया लग्नाआधी अशाच रंग भरून घेतलेल्या होत्या. काळ्याच्या विटकरी होऊन त्या आता गंजल्यासारख्या दिसत होत्या. मी आरशातून त्यांच्याकडेच बघत होते. तेवढंच सुख होतं.

"मावशी, घराण्यात न्हाय न्हवं असलं काय? पुढं पोरास्नी यायचं."

"छे! हिच्या बापाकडं काय काय हाय, पण हे न्हाय."

"आणि ही बोलती का न्हाय कधी? का ते बी टायफॉईडात गेलं?"

आई हसली. बहिणीच्याही आधी हसली. मग सावरून म्हणाली, "इंग्लिश मिडियम न्हवं. मराठीत लाजती."

मॅडम हसल्या नाहीत. माझ्या कपाळावर दोरा ताणून मापं घेत त्या मला हळू आवाजात सांगू लागल्या. दोन्हींत खपली धरते. ती आपोआप पडू द्यायची. दहा दिवस बोट लावायचं नाही. उपटली तर रंग निघून येतो, जखम होते, डाग राहू शकतो. हे सांगताना त्यांची नजर माझ्या उजव्या हाताच्या नखांवर गेली. अंगठा आणि पहिलं बोट, तेवढीच नखं मी वाढवते. त्या थांबल्या.

"तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "केस येणार आहेत का?"

"सांगितलं की आत्ता," आई म्हणाली आणि अंगावरच्या कापडाखालून माझं मनगट चिमटीत धरलं. पीळ दिला. "रेघा म्हण. म्हण की गं."

मला खपली दिसत होती. तिची कड कुठे सुटेल, तिथे नख कसं शिरेल, हेही दिसत होतं. साखरपुड्याच्या फोटोत कपाळावर दोन जखमा घेऊन उभी असलेली मी दिसत होते. शेजारी आई, नवीन साडीत, नवीन आजाराचं नाव तोंडात तयार ठेवून.

आरशात आईचा चेहरा माझ्या अगदी वर होता. ती बहिणीकडे बघून अजून हसतच होती. त्या हसण्याचं काय होणार आहे हे मला कळत होतं, आणि कीव यायची तिथे भूक लागल्यासारखं झालं. मनगट सोडवून घेतलं नाही. तसंच पिळू दिलं आणि बहिणीकडे मान वळवून, स्वच्छ मराठीत बोलले.

"टायफॉईड झालेला नाही मला. मी उपटते. खपलीपण उपटीन. आणि आईला माहीत आहे."