भाऊजींची मिशी आणि कडू फवारा

माझ्या भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, दोनच गोष्टी येतात. गाड्या रंगवणं आणि मिशांवर बोलणं. ठोकलेला दरवाजा ते असा रंगवून देतात, की मालकालाही कुठे ठोकलं होतं ते सापडत नाही. आणि मिशांवर बोलायला लागले, की ताईला पळायला वाट सापडत नाही.

त्यांची स्वतःची मिशी दोन्ही गालांवर पसरलेली, टोकांना मेण लावलेली. चहाचा कपही वेगळा. आत काठालगत एक आडवी पट्टी, वाफेने मेण वितळू नये म्हणून.

"दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडात असे कप विकत मिळायचे," भाऊजी सांगतात.

"आणि ते घासायचं कोण, तेही लिहिलंय का कुठे?" ताई विचारते. "त्या पट्टीखाली बोट जात नाही माझं."

वर्कशॉपमध्ये नवा नियम आला. रंगाच्या खोलीत जायचं, तर तोंडाला घट्ट बसणारा मास्क हवा. तो बसतो की नाही, याची परीक्षा. मास्कवरून डोक्याला टोपासारखं झाकण घालायचं आणि आत कडू फवारा मारायचा. कडू लागलं, की मास्क गळतोय. सुरक्षेच्या मॅडमनी फवारा मारला. भाऊजींचे डोळे मिटले, मान थरथरली.

"काका, काही लागतंय?"

"छे! काहीच नाही."

"मग रडताय कशाला?"

नापास. मिशी काढा, नाहीतर सामानाच्या खिडकीवर बसा. भाऊजी खिडकीवर बसले. सव्वीस वर्षं रंग मारलेला माणूस दुसऱ्यांना सँडपेपर काढून द्यायला लागला, आणि घरी ताईच्या डोक्याला ताप झाला.

"एकोणीसशे सातमध्ये पॅरिसच्या वेटरांनी मिशीसाठी संप केला होता!"

"त्यांना सूप वाढायचं होतं. विषारी वाफेत नव्हतं उभं राहायचं."

"इंग्रजांच्या फौजेत एकोणीसशे सोळापर्यंत वरचा ओठ भादरायला बंदी होती!"

"तो नियमही गेला. तुमचं तेवढं अडलंय."

शेवटी ताईने मला बोलावून घेतलं. "तूच सांग बाई. माझं तोंड दुखलं."

मी म्हटलं, "भाऊजी, केसच आहेत. पुन्हा येतील."

"तुला नाही कळायचं," ते म्हणाले. विषय संपला.

बाराव्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले आणि मिशांबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. ताई घाबरलीच.

"बरं नाही का?"

"माझ्या जागी घेतलेल्या त्या पोराने राखाडी दरवाजा निळसर मारला," भाऊजी म्हणाले. "वर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे. आणि गाडीवाल्या बाई 'छान झालंय' म्हणून घेऊन गेल्या. छान! मी खिडकीतून बघत बसलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते न्हाणीघरातून तोंडावर टॉवेल धरून बाहेर आले, आणि तसेच पाठमोरे कामावर गेले.

संध्याकाळी मी मुद्दाम डोकावले. भाऊजींच्या बोटांच्या कडांना राखाडी रंग लागलेला, म्हणजे परीक्षेत पास झाले होते. तो दरवाजा परत मागवून पुन्हा मारला होता. हात मात्र अजून तोंडावरच.

"काढा तो हात," ताई खेकसली. "लग्नापासून हा ओठ पाहिला नाही मी. बघू तरी द्या, काय झाकून ठेवलं होतं."

त्यांनी हात काढला. ओठ गोरापान, बाळासारखा. ताई बघत राहिली, मग उठून आत गेली आणि साध्या कपात चहा घेऊन आली.

"माझा कप?"

"माळ्यावर टाकला. घ्या गुपचूप."

भाऊजींनी सवयीने मोठा घोट घेतला आणि ओरडले. ओठ चांगलाच भाजला होता.

"आता यावर काही इतिहास सांगू नका," ताई म्हणाली आणि त्यांच्यासाठी बर्फ आणायला गेली.